कवकाला काय द्यावे, काय मागावे



बाजरीवरचा अरगट हा कवकामुळे होणारा रोग आपल्या भागातल्या शेतकरी घरांना माहीत आहे. कणसातून आधी चिकट, गोडसर द्रव पाझरतो आणि मग दाण्याच्या जागी काळपट, कडक गाठी धरतात. या गाठी पोटात गेल्या तर माणसाला आणि जनावरालाही बाधतात. म्हणूनच पेरणीआधी बियाणे २० टक्के मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगेल ते काढून टाकण्याची शिफारस कृषी खाते करत आले आहे. युरोपात राय नावाच्या धान्यावर असाच अरगट पडतो. शार्ल तांरे या फ्रेंच औषधनिर्मात्याने १८८९ मध्ये त्या गाठींतून एक पदार्थ वेगळा काढला, त्याचे नाव अर्गोस्टेरॉल. त्याच माणसाने १९०९ मध्ये त्याच अरगटातून दुसरा पदार्थ काढला, तो अर्गोथायोनिन.

विषारी गाठींतून हाती लागलेले हे दोन्ही पदार्थ आपण भाजी करून खातो त्या धिंगरी अळिंबीतही असतात. आपल्या पेशींच्या आवरणात जे काम कोलेस्टेरॉल करते, ते कवकाच्या पेशीत अर्गोस्टेरॉल करते. त्याच्यावर अतिनील किरण पडले की त्यापासून ड२ जीवनसत्त्व तयार होते. अर्गोथायोनिन हे गंधक असलेले अमिनो आम्ल आहे. ते कवके आणि काही जिवाणू तयार करतात, माणसाचे शरीर करत नाही. तरीही ते पेशीत ओढून घेणारे खास वाहक प्रथिन आपल्या शरीरात आहे, हे २००५ मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवले. जो पदार्थ शरीर स्वतः बनवत नाही, त्याच्यासाठी अशी सोय ते का राखून आहे, यावर जगभर काम चालू आहे.

आज मला मांडायचे आहे ते थोडक्यात असे. अळिंबी भरपूर येणे आणि अळिंबी गुणाची येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी आपण पन्नास-साठ वर्षे मेहनत घेतली. दुसरीसाठी कवकाला वेगळे खाणे आणि वेगळी वागणूक द्यावी लागते. ती कोणती, हे प्रयोगशाळेत मोजल्याशिवाय कळत नाही, आणि हे मोजण्याचे काम नांदेड-लातूरमध्ये होण्यासारखे आहे.

आधी हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते सांगते, कारण इथे बसलेल्या अनेकांनी अळिंबी फक्त ताटात पाहिलेली असेल. ताज्या धिंगरीचा देठ उभा फाडला की आतला गाभा दिसतो. त्याला बाहेरच्या हवेचा स्पर्श झालेला नसतो. तिथला चिमूटभर तुकडा निर्जंतुक चिमट्याने उचलून बटाट्याचा अर्क, ग्लुकोज आणि अगार यांच्या थरावर ठेवायचा. चार-पाच दिवसांत त्याच्याभोवती पांढरे तंतू पसरतात आणि आठ-दहा दिवसांत सगळी पेट्री डिश व्यापतात. कवकाचे मुख्य शरीर म्हणजे हे तंतू. छत्री फक्त बीजाणू उधळायच्या वेळी येते. शेतकरी ज्याला स्पॉन म्हणजे बियाणे म्हणतो तेही याच तंतूंचे असते. ज्वारी अर्धवट उकडायची, निथळून कोरडी करायची, तिच्यात कॅल्शियम कार्बोनेट आणि जिप्सम मिसळायचे, पिशव्या भरून ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर ठेवायच्या आणि थंड झाल्यावर तंतूंचा तुकडा आत सोडायचा. उत्तरेत यासाठी गहू वापरतात. आपल्याकडे ज्वारी आहे आणि ती या कामाला उत्तम आहे.

छत्री येण्याची वाट न पाहता नुसते तंतूच द्रवात बुडवून वाढवता येतात का? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेनिसिलिनसाठी मोठमोठ्या टाक्यांमध्ये बुरशी वाढवण्याचे तंत्र पुढे आले होते. त्याच्याच पाठोपाठ, १९४८ मध्ये, अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या हॅरी हमफेल्ड यांनी बटणवर्गातल्या अळिंबीचे तंतू द्रवात वाढवून दाखवले. आज कोणत्याही पदव्युत्तर प्रयोगशाळेत हे करता येते. शंकूच्या आकाराच्या काचेच्या फ्लास्कमध्ये ग्लुकोज, यीस्टचा अर्क आणि थोडे क्षार घालायचे आणि फ्लास्क शेकरवर फिरवत ठेवायचा. पारदर्शक द्रवात साबुदाण्यासारखे गोळे दिसू लागतात. आठवडा-दहा दिवसांनी ते गाळून, वाळवून वजन करायचे. उरलेल्या द्रवात चौपट थंड अल्कोहोल ओतून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला, की सकाळी तळाशी पांढरट, दोऱ्यासारखा साका बसलेला असतो. कवकाने शरीराबाहेर सोडलेली ही बहुशर्करा. औषधी गुणांसाठी ज्यांची चर्चा होते ती बीटा-ग्लुकाने तिच्यात असतात.

गाभ्याची गोष्ट इथून पुढे आहे. द्रवात नत्र मुबलक असेल तर तंतू जोमाने वाढतात. नत्र बेताचे आणि साखर जास्त असेल, तर बहुतेक वेळा तंतूंची वाढ मंदावते आणि बाहेर सोडली जाणारी बहुशर्करा वाढते. तंतूंचे गोळे फार मोठे झाले तर आतल्या भागाला प्राणवायू मिळत नाही. फार वेगाने फिरवले तर तंतू तुटतात. प्रत्येक गुणासाठी सोयीची अवस्था वेगळी आहे. २००२ मध्ये शांघायचे संशोधक झोंग आणि त्यांचे सहकारी फांग यांनी गॅनोडर्मावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. गॅनोडर्मा लाकडासारखी कडक, न शिजणारी, औषधी म्हणून वापरली जाणारी अळिंबी आहे. त्यांनी तिचे तंतू आधी शेकरवर फिरवून भरपूर वाढवले आणि मग फिरवणे थांबवून तेच तंतू स्थिर ठेवले. हलता द्रव थांबला, प्राणवायू कमी झाला आणि कवकाच्या कडू गॅनोडेरिक आम्लांचे प्रमाण वाढले. पहिल्या टप्प्यात वाढ, दुसऱ्या टप्प्यात गुण. एकाच अवस्थेत दोन्ही मिळवायचा हट्ट धरला असता तर दोन्ही अर्धवट मिळाले असते. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्याला महागडे यंत्र लागले नाही. कवकाचे बारकाईने निरीक्षण आणि योग्य वेळी केलेला बदल, एवढेच लागले.

दुसरा मार्ग कवकाला नेमका कच्चा माल पुरवण्याचा. अर्गोथायोनिन हिस्टिडिनपासून बनते, त्याला गंधक सिस्टिनकडून आणि मिथाइलचे गट मिथिओनिनकडून मिळतात. त्यामुळे द्रवात ही अमिनो आम्ले घालून अर्गोथायोनिन वाढवण्याचे प्रयोग अनेक ठिकाणी झाले आहेत. मिथिओनिन प्रयोगशाळेच्या बाटलीतून विकत घेतले तर खर्च परवडत नाही. इथे आपली पेंड आठवते. लातूरच्या बाजारात सोयाबीन येते, त्याचे तेल काढल्यावर पेंड उरते आणि पेंडीत प्रथिने खूप असतात. मिथिओनिन मात्र त्यात तुलनेने कमी असते, ही सोयाबीनची जुनी उणीव आहे. तिळाच्या पेंडीत मिथिओनिन जास्त असते. सोयाबीन आणि तीळ यांच्या पेंडी कोणत्या प्रमाणात मिसळल्या तर धिंगरीतले अर्गोथायोनिन किती बदलते, हा एका विद्यार्थ्याच्या एका वर्षाच्या प्रकल्पाला साजेसा, स्वच्छ प्रश्न आहे.

धिंगरीचा भारतातला इतिहासही इथल्या कच्च्या मालाशी जोडलेला आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झकिया बानो आणि एच. सी. श्रीवास्तव यांनी १९६२ मध्ये भाताच्या पेंढ्यावर धिंगरीची लागवड करून दाखवली. १९७४ मध्ये जांदाईक आणि कपूर यांनी धिंगरीच्या दुसऱ्या एका जातीची लागवड केळीच्या खोडावर आणि पेंढ्यावर केली. नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूर-मुदखेडच्या केळीबागा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना घड उतरवल्यानंतर बांधावर पडलेल्या खोडांचे ढीग आठवतील. पन्नास वर्षांपूर्वी ज्या खोडावर अळिंबी उगवली, तेच खोड आजही आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ओझे समजले जाते. सोयाबीनची गुळी, तुरीच्या तुराट्या, कापसाच्या पऱ्हाट्या, उसाचे पाचट यांची यादी मी वाढवत नाही. गुळीबद्दल एक सांगते. गव्हाच्या काडापेक्षा तिच्यात नत्र जास्त, त्यामुळे धिंगरीला ती आवडते. पण हिरव्या बुरशीलाही तीच आवडते. गुळी रात्रभर भिजवून ७०-८० अंशांच्या पाण्यातून नीट काढली नाही, तर आठवड्यात अळिंबीचा अख्खा बेड हिरवा पडतो. पहिल्याच हंगामात अनेक तरुणांनी हा उद्योग सोडला, त्यामागे ही हिरवी बुरशी असते. त्यांच्या आळसाला दोष देणे अन्यायाचे आहे.

अळिंबी खाद्यातून जे मिळेल ते गोळा करते, या स्वभावाचा उपयोग करून घेता येतो. पंजाबात नवांशहर-होशियारपूरच्या काही जमिनींत सेलेनियम इतके जास्त आहे की तिथले गव्हाचे काडही त्याने भरलेले असते. दिल्लीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी त्याच काडावर धिंगरी वाढवली, तेव्हा अळिंबीत सेलेनियम उतरले. जनावराला घातक ठरू शकणारे काड आणि माणसाला थोड्या प्रमाणात लागणारा क्षार यांची सांगड त्यात घातली गेली. पण हाच स्वभाव शिसे आणि कॅडमियम यांच्या बाबतीतही लागू होतो. ज्या गुळीवर हंगामभर औषधे फवारली, तिच्यावर वाढलेल्या अळिंबीची अवशेषांसाठी तपासणी व्हायलाच हवी. "सेंद्रिय" असा शिक्का छापून ती तपासणी टळत नाही.

काही अळिंबी अशा आहेत की त्यांना शेतीत आणताच येत नाही. गोव्यात पावसाळ्यात रस्त्याकडेला पानांवर मांडून, मोजून विकली जाणारी रोण अळमी ही वाळवीच्या वारुळातून उगवते. वाळवी जमिनीखाली या अळिंबीची बाग राखते आणि त्या बागेबाहेर अळिंबीला छत्री धरायला लावणे अजून व्यापारी पातळीवर जमलेले नाही. गोवा विद्यापीठातले डॉ. नंदकुमार कामत यांनी या टर्मिटोमायसिस प्रजातीवर दीर्घकाळ काम केले आणि वारुळे फोडून, कळ्या उपटून ही अळिंबी नष्ट होते आहे, हे सातत्याने लिहिले. छत्री येत नसली तरी तिचे तंतू प्रयोगशाळेत, सावकाश का होईना, वाढतात. म्हणजे तिच्यातल्या संयुगांचा अभ्यास वारुळाला हात न लावता होऊ शकतो. किनवट-माहूरच्या सागवनातल्या रानअळिंबीचा विचारही याच दिशेने व्हावा असे मला वाटते. तिचे कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले तंतू, शुद्ध करून ओळख पटवावी आणि ते पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय कवक संग्रहात किंवा चंडीगडच्या सूक्ष्मजीव संग्रहात जमा करावे. कल्चर वारंवार एका नळीतून दुसऱ्या नळीत घेत राहिले तर ते कमकुवत होत जाते, छत्री धरेनासे होते. कपाटातल्या नळीत ठेवलेला वारसा टिकत नाही, त्याला शीतगृह आणि नोंदवही दोन्ही लागतात.

आता जे बोलणार आहे ते काहींना कठोर वाटेल. गेल्या काही वर्षांत औषधी अळिंबीच्या नावाने महाग भुकट्या आणि कॅप्सूल बाजारात आल्या आहेत. कर्करोग बरा होतो, मधुमेह जातो, असे त्यांच्याबद्दल सांगितले जाते. मूळ संशोधन काय आहे ते पाहू. शिताके अळिंबीतल्या लेंटिनान या बहुशर्करेवर जपानच्या गोरो चिहारा यांनी उंदरांवर केलेले काम १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८५ मध्ये जपानने लेंटिनानला जठराच्या कर्करोगात मान्यता दिली, ती इंजेक्शन म्हणून आणि केमोथेरपीच्या जोडीला. शुद्ध केलेला पदार्थ शिरेतून देणे आणि चमचाभर भुकटी दुधातून पिणे यांत फार मोठे अंतर आहे. धिंगरीत लोव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे संयुग असल्याचे स्लोव्हेनियातल्या संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवले, हेही खरे. जपानच्या शेतकरी कुटुंबात वाढलेल्या आणि लहानपणापासून अळिंबी-बुरशीचा नाद असलेल्या अकिरा एंदो यांनी स्टॅटिन औषधांचा मार्ग उघडला, याचा मला मनापासून आदर आहे. पण त्यांनी पेनिसिलियम बुरशीतून संयुग शुद्ध केले, त्याची मात्रा ठरवली गेली, वर्षानुवर्षे चाचण्या झाल्या. धिंगरीतले लोव्हास्टॅटिन जातीनुसार, खाद्यानुसार आणि छत्रीच्या वयानुसार बदलते. डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करून धिंगरी खा, असे सांगणारा माणूस रुग्णाच्या जिवाशी खेळतो. अशा जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून आपल्याकडे औषधे आणि चमत्कारी उपचारांचा कायदा आहे.

या भुकट्यांबाबत आणखी एक तपासणी आहे आणि ती शाळेतही करता येते. अनेकदा तंतू तांदळावर किंवा ज्वारीवर वाढवतात आणि धान्यासकट दळून भुकटी करतात. मग बहुशर्करा मोजताना फिनॉल आणि सल्फ्युरिक आम्लाची साधी पद्धत वापरली, तर धान्यातला स्टार्चही बहुशर्करा म्हणूनच मोजला जातो. डबीवर ३०-४० टक्के असा आकडा छापता येतो, त्यातला मोठा भाग ज्वारीचा असू शकतो. चिमूटभर भुकटी पाण्यात उकळून थंड करा, आयोडीनचे दोन थेंब टाका. गर्द निळा रंग आला तर त्यात स्टार्च भरपूर आहे. दहावीच्या मुलाला हे करता येते आणि त्याने ते करावे.

मग गुण वाढवण्याचा कोणता मार्ग आज, इथे, शेतकऱ्याच्या हाती देण्याइतका पक्का आहे? माझे उत्तर ऊन हे आहे. हिवाळ्यात काढलेली धिंगरी चिरून, तिच्या पाकळ्या वर येतील अशी पसरून दुपारच्या उन्हात ठेवली, की अर्गोस्टेरॉलचे रूपांतर ड२ मध्ये सुरू होते. १५ मिनिटे ते दोन तासांत १०० ग्रॅम ताज्या अळिंबीत १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त ड२ तयार होऊ शकते, असे निरनिराळ्या देशांतल्या मोजमापांत आढळले आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढासाठी सुचवलेली रोजची गरज १५ मायक्रोग्रॅम आहे. थंड देशांत यासाठी कारखान्यात अतिनील दिवे लावावे लागतात. लातूर १८ अंश अक्षांशावर आहे, नांदेड १९ वर. आपल्याकडे धिंगरीचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेव्हा आकाश निरभ्र असते आणि डिसेंबरच्या दुपारीही पुरेसे अतिनील किरण जमिनीपर्यंत येतात. ड२ हे ड३ पेक्षा शरीरात थोडे कमी टिकते आणि वाळवलेली अळिंबी महिनोन्‌महिने ठेवली तर त्यातले काही कमीही होते, हे सांगून ठेवायला हवे. तरीही दूध-मासे-अंडी ज्यांच्या ताटात कमी असतात, अशा घरांसाठी हा उपाय विनाखर्च आहे. अळिंबी सावलीत वाळवायची की उन्हात, एवढ्या एका निर्णयाने तिच्या गुणात मोठा फरक पडतो, आणि आपल्याकडच्या प्रशिक्षणात मात्र याबद्दल क्वचितच ऐकायला मिळते.

उन्हाळ्यासाठी दुसरे कवक आहे, दुधी अळिंबी. पुरकायस्थ आणि चंद्रा यांनी १९७४ मध्ये बंगालमधून तिचे वर्णन केले आणि १९९८ मध्ये कोइमतूरच्या कृषी विद्यापीठाने तिचा एपीके-२ हा वाण दिला. ती ३० ते ३५ अंशांत सुखाने वाढते. ओल्या बारदानाने झाकलेल्या खोलीत मराठवाड्याचा मार्च-एप्रिल तिला सोसतो. शिवाय पाण्याचा प्रश्न आहेच. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या लातूरने कोणते अन्न किती पाण्यात तयार होते याचा हिशेब सर्वांच्या आधी मांडायला हवा.

हे सगळे कोण करणार? १९७२ पासून परभणीला कृषी विद्यापीठ आहे, त्याचे जैवतंत्रज्ञान महाविद्यालय लातूरलाच आहे. १९९४ पासून नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीतली महाविद्यालये त्याच्या कक्षेत येतात. या महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र विभागांत ऑटोक्लेव्ह आणि लॅमिनार फ्लो बहुतेक ठिकाणी आहेत. प्रवेशपरीक्षांच्या तयारीच्या लातूर पॅटर्नने देशाला हजारो डॉक्टर दिले, याचा अभिमान आहेच. पण वैद्यकीय प्रवेशासाठी जीवशास्त्र पाठ करणाऱ्या या हजारो मुलांना कवकाचे प्रकरण चार पर्यायांतून एक निवडण्यापुरते भेटते. त्यातल्या किती जणांनी पेट्री डिशवर तंतू पसरताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले असतील? जो मुलगा एकदा फ्लास्कमध्ये तंतू वाढवून, गाळून, वाळवून त्याचे वजन करतो, त्याला बाजारातल्या भुकटीचा दावा ऐकल्यावर आपोआप प्रश्न पडतो.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. येत्या हंगामात नांदेडच्या दोन आणि लातूरच्या दोन महाविद्यालयांनी एकच प्रयोग एकाच पद्धतीने करावा. धिंगरीची एकच जात, ज्वारीवर केलेले एकच बियाणे, खाद्य दोन प्रकारचे, सोयाबीनची गुळी आणि केळीचे वाळलेले खोड. काढलेली अळिंबी निम्मी सावलीत, निम्मी दुपारी बारा ते दोनच्या उन्हात वाळवायची. प्रत्येक नमुन्यात प्रथिने, अर्गोस्टेरॉल आणि ड२ मोजायचे, गुळीच्या नमुन्यात कीटकनाशकांचे अवशेषही. ही संयुगे मोजणारे एचपीएलसी यंत्र चारही ठिकाणी असायची गरज नाही, नमुने एकत्र करून जिथे ते चालू स्थितीत आहे तिथे पाठवता येतील. वजने आणि तापमाने मात्र विद्यार्थ्यांनी रोज लिहायची आणि आकडे सर्वांना खुले ठेवायचे, चुकलेल्या बेडचेही. ज्यांना सहभागी व्हायचे आहे त्यांनी व्याख्यानानंतर थांबावे. कल्चर सोलनच्या अळिंबी संशोधन संचालनालयाकडून मागवावे लागेल. ते वाढवून, तपासून ज्वारीवर बियाणे तयार व्हायला दोन महिने सहज जातात, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गुळी भिजवायची असेल तर मागणीचे पत्र ऑगस्टमध्येच जायला हवे.